हात सगळ्यात शेवटी

उजव्या हाताच्या बोटातली अंगठी निघेना, तेव्हा काशिनाथने आधी साबण लावून पाहिला, मग खोबरेल. अंगठी सांध्यापाशी यायची आणि अडकायची. तो मोरीत उभा होता. स्वयंपाकघरात त्याची बायको संचिता भाकऱ्या थापत होती, त्याचा आवाज येत होता. काशिनाथच्या मनात एकच गोष्ट आली. परत आलं.

मागच्या वर्षी गोव्यात त्याचं ऑपरेशन झालं होतं. स्तनाचा कॅन्सर. पुरुषांना तो होतो हेच त्याला आधी खरं वाटलं नव्हतं. डॉक्टर सांगत होते तेव्हा, हे दुसऱ्या कुणाशी बोलतायत की काय, म्हणून त्याने मागे वळूनही पाहिलं होतं. छातीची उजवी बाजू काढली, काखेतल्या गाठी काढल्या, पुढची औषधं झाली, केस गेले नि परत आले. मालवणात मात्र सगळ्यांना सांगितलं होतं की खांद्यात गाठ होती, ती काढली. बंदराच्या रस्त्यावर त्याचं जाळ्यांचं आणि दोरांचं दुकान होतं. दिवसभर तिथे पुरुषांचीच ये-जा. कुणाचं काय बिघडलं, कोण कुणाला घाबरतो, याची तिथे रोज चेष्टा चालायची. त्या चेष्टेत आपलं नाव येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. संचितानेही वर्षभर खांदाच सांगितला. सख्ख्या बहिणीलासुद्धा.

अंगठी तशीच राहिली. त्याने ऐन एप्रिलात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला सुरुवात केली. रात्री कुशीवर वळताना हात जड लागायचा. सकाळी उठल्यावर तो दोन्ही मनगटं शेजारी धरून बघायचा, आणि मग बघायचंही सोडून दिलं.

एक दिवस संचिता इस्त्रीला कपडे काढत होती. तिने त्याचा शर्ट उलटा केला.

"ही शिवण कशी उसवली?"

"खिळ्याक अडाकली."

शर्ट बाजूला ठेवून त्याच्यासमोर येऊन बसली. "दोन्ही हात दाखवा बघया."

त्याने डावा हात पुढे केला. तिने उजवा स्वतःच ओढून घेतला, बाही वर सरकवली आणि दोन्ही हात शेजारी शेजारी धरले. उजवा सुजलेला होता, बघायला फार काही लागलं नाही.

"माका कित्याक सांगूक नाय?"

"सांगून काय होतला?"

"गोव्याक जाव्या," ती म्हणाली. "उद्याच."

गोव्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली. आजार परतला नव्हता. काखेतल्या गाठी काढल्या की काही जणांचा हात असा सुजतो, ते म्हणाले; हे पूर्ण जाणार नाही, पण आवरता येतं, त्यासाठी एक प्रकारचा मसाज शिकावा लागेल. त्यांनी मालवणातल्या एका फिजिओथेरपिस्टचं नाव दिलं. परतीच्या गाडीत संचिता खिडकीला डोकं टेकून पहिल्यांदा शांत झोपली. काशिनाथ जागा होता. डॉक्टर चुकले असतील तर, असं त्याला वाटत होतं. यंत्राला दिसलं नसेल तर.

फिजिओथेरपिस्टचं नाव क्रिस्टीना. तिशीतली मुलगी, मालवणचीच. बाजारात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी ती हा मसाज शिकवायची. काशिनाथ जिना चढून गेला आणि दारातच थांबला. बाहेर चपला काढलेल्या होत्या. सगळ्या बायकांच्या. तो वळला, तर पायऱ्यांवरून क्रिस्टीनाच वर येत होती, काखेत गुंडाळलेली चटई घेऊन.

"काशिनाथ काका ना? मला गोव्याहून फोन आला होता. या."

"मी मगे येतंय. एकटो आसतंय तेव्हा."

"मला शनिवारचीच वेळ मिळते, काका. इथे सगळ्यांचं एकच दुखणं आहे." ती वाट अडवून उभी नव्हती, पण जिना अरुंद होता.

आत चार बायका भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्यांतली एक एस्पेरांसा. अर्ध्या मालवणाला तिने शाळेत शिकवलं होतं, काशिनाथच्या मुलालाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे तिला टीचरच म्हणायचे. काशिनाथने हातातली पिशवी छातीशी धरली.

"माझा खांद्याचा ऑपरेशन झालेला," तो कुणी विचारायच्या आतच म्हणाला.

"बसा," टीचर म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीवरची स्वतःची पर्स उचलली.

क्रिस्टीनाने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, त्याच्यासाठीच असावं. अंगात रक्ताशिवाय आणखी एक पाणी फिरत असतं. हातातलं ते पाणी काखेतल्या गाठींमधून परत जातं. त्या गाठी काढल्या की वाट अडते आणि पाणी हातातच साठतं. ते शेजारच्या वाटांनी वळवायचं. म्हणून आधी त्या वाटा मोकळ्या करायच्या. गळ्याच्या हाडावरची खळगी, मग दुसऱ्या बाजूची काख, मग छातीवरून आडवं त्या काखेकडे, मग सुजलेल्या बाजूची कूस, खाली जांघेपर्यंत. हात सगळ्यात शेवटी, आणि तोही वरून सुरू करायचा, दंडापासून. तेल नाही. दाबायचं तर अजिबात नाही.

"तान्ह्या मुलाच्या टाळूवर हात फिरवतो ना, तेवढाच जोर," ती म्हणाली. "कातडी नुसती ताणायची आणि सोडायची. खाली स्नायू लागला तर समजा जास्त झालं."

तिने स्वतःची बोटं त्याच्या गळ्याच्या हाडावर ठेवून दाखवलं. काही होतंय असंच वाटत नव्हतं. काशिनाथने तसं केलं. बोटं कडक होती. मग ती म्हणाली, आता छाती, पडद्याआड चला. तो जागचा हलला नाही.

"छातीक नको. खांद्यासून करूया."

"वाट छातीवरून जाते, काका," ती हळू म्हणाली.

"पुढल्या टायमाक."

तिने जबरदस्ती केली नाही. जाताना सगळ्यांना बजावलं, की त्या हाताला खरचटू द्यायचं नाही, खरचटलंच तर लगेच धुवायचं. हात लाल झाला, गरम लागला, थंडी वाजून आली, तर मसाजला हात लावायचा नाही. मसाजने ते पसरू शकतं. सरळ दवाखाना गाठायचा. काशिनाथने ऐकलं, पण त्याचं लक्ष दाराकडे होतं.

घरी तो फक्त हाताचा मसाज करायचा. छातीवरून त्याने ऑपरेशन झाल्यापासून बोट फिरवलं नव्हतं. आंघोळीला नुसतं वरून पाणी ओतायचा. आरशाकडे पाठ करून शर्ट घालायचा. तिथे बोट ठेवलं आणि बोटाला काही लागलं तर? मुगाएवढं, तांदळाएवढं? न लावलेल्या बोटाला काही लागत नाही. मग तो हातावरच सगळा जोर काढायचा, खोबरेल लावून, मनगटापासून वर, पिळून काढल्यासारखा. हात लाल व्हायचा, संध्याकाळी जरा हलका वाटायचा, सकाळी पुन्हा तेवढाच.

तिसऱ्या शनिवारी क्रिस्टीनाने हाताला टेप लावून मापलं आणि माप वहीत लिहिलं; ते कमी झालं नव्हतं. त्या दिवशी जिना उतरताना टीचर त्याच्या मागून आली. मधल्या वळणावर दोघंच होती.

"खांद्याचा ऑपरेशन झालेलो माणूस पिशी छातीर धरून बसना नाय," ती म्हणाली.

त्याने कठडा धरला.

"मी कोणाक सांगूचंय नाय. माझ्या घरात आरश्यार चादर होती. मीच घातलेली." ती एक पायरी खाली उतरली. "तुमका भिती कसली वाटता?"

तो म्हणाला, "हाताक काय लागला तर?"

"लागला तर डॉक्टराक दाखवूचा. हात नाय लावलो म्हणान ता जाणा नाय."

ती गेली. तिच्या बोलण्याने धीर यायला हवा होता. पण घरी पोचेपर्यंत त्याला एवढंच वाटत राहिलं, की आता एका माणसाला कळलंय.

मे संपत आला होता. दुकानात नव्या मालाचे गठ्ठे आले होते आणि एक गठ्ठा सोडताना त्यावरची तार त्याच्या उजव्या मनगटाला लागली. रक्तही धड आलं नाही. गिऱ्हाईक उभं होतं. त्याने हात पँटला पुसला. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर डांबर वितळत असताना, त्याला थंडी वाजायला लागली. त्याने शटर ओढलं आणि घरी आला. संचिता शेजारी सत्यनारायणाला गेली होती. त्याने शर्ट काढला. मनगटापासून कोपरापर्यंत हात लाल झाला होता, तुकतुकीत. दुसऱ्या हाताला त्याची धग लागत होती.

तो खाटेवर बसला आणि मसाज करू लागला. दुसरं काही सुचलंच नाही. उतर, उतर, असं तो सुजेला सांगत होता, आणि मनगटापासून वर, मनगटापासून वर, अंगठ्याने रेटत होता. दात वाजत होते. मध्येच त्याला क्रिस्टीनाचा आवाज आठवला, अगदी शब्दन् शब्द. मसाजला हात लावायचा नाही. मसाजने ते पसरू शकतं.

त्याचा अंगठा थांबला. लाली आता कोपराच्या वर दिसत होती. मघाशी ती तिथे होती की नव्हती, हे त्याला आठवेना. आपण स्वतःच्या हाताने ती वर चढवली, असं त्याला वाटलं आणि तो गारठून बसून राहिला, हात अंगापासून लांब धरून, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता.

संचिता प्रसाद घेऊन आली तेव्हा तो तसाच बसला होता. तिने हात पाहिला, त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, प्रसादाची वाटी खिडकीत ठेवली.

"गोव्याक जाव्या," तो म्हणाला. "गाडी सांग."

"गोव्याक पोचासर काय होतला? हंयच दवाखान्यात जाव्या."

"थंय दीपेश बसता."

"बसांदे."

दीपेश केसपेपर काढायला खिडकीवर बसायचा. त्याचे वडील काशिनाथचे जुने गिऱ्हाईक. संध्याकाळी दुकानाच्या फळीवर बसून साऱ्या बंदराची खबर ऐकायचे आणि सांगायचे. रिक्षात काशिनाथ संचिताला दोनदा म्हणाला, कुडाळला जाऊ. ती रिक्षावाल्याला फक्त, खड्डे चुकवून चल, म्हणाली.

खिडकीवर रांग होती. पुढे पायाला कापून जखम झालेला एक खलाशी, त्याला धरून दोघे, मागे एक बाई मूल घेऊन. दीपेशने मान वर केली.

"काय होतंय काका?"

"ताप. हात सुजलाय."

"आधी काही ऑपरेशन? काही आजार? डॉक्टर विचारतात म्हणून लिहून घेतो."

संचिताने तोंड उघडलं. ती काय म्हणणार हे काशिनाथला माहीत होतं, वर्षभर ती तेच म्हणत आली होती. तिने म्हटलं की ते कागदावर जाणार, आणि आतला डॉक्टर त्या कागदावरून औषध ठरवणार. रांगेतला खलाशी पाय वर धरून त्याच्याकडेच बघत होता.

"खांद्याचा नाय," काशिनाथ म्हणाला. मग पुढचं बोलला, तेव्हा आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा आला. "छातीचा. माका स्तनाचो कॅन्सर झालेलो. मागल्या वर्षी."

मागची बाई मुलाला थोपटत होती ती थांबली. दीपेशचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"काखेतल्या गाठी काढल्यात?" त्याने खाली बघूनच विचारलं.

"काढल्यात."

दीपेशने लिहिलं आणि मग रांगेला न विचारता त्यांना सरळ आत पाठवलं.

डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. जंतुसंसर्ग होता. सलाईनमधून औषध सुरू झालं. मग त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून लालीच्या कडेने हातावर एक रेघ ओढली. "ह्याच्या बाहेर जाते का बघायचं," ते म्हणाले.

काशिनाथ त्या रेघेकडे बघत पडून राहिला. संचिताने चमच्याने पेज भरवली तरी त्याची नजर तिथेच. संध्याकाळी लाली रेघेच्या बाहेर बोटभर गेली. त्याने ते संचिताला दाखवलं, तिने नर्सला, नर्सने डॉक्टरांना. औषध बदललं. मग त्याला काही विचारायचं सुचेना, प्रार्थनाही येईना. मनात नुसतं, आत राह, आत राह. सकाळी लाली तेवढीच होती. दुपारीही तेवढीच. त्याच्या पुढच्या दिवशी रेघेच्या आत पांढरट कातडी दिसायला लागली आणि ताप उतरला.

क्रिस्टीना भेटायला आली तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. तेल लावून पिळायचा ते, छातीला हात लावत नव्हता ते, आणि ती दुपार.

"माझ्यामुळेच पसरला?"

ती खोटं बोलली नाही. "सांगता येत नाही. कदाचित थोडं. जखमेनेच आलं असणार." मग म्हणाली, "पुढच्या वेळी करू नका."

दवाखान्यातून घरी आल्यावर बरेच दिवस मसाज बंद होता. मग पुन्हा सुरुवात झाली, आणि या वेळी क्रिस्टीनाने संचितालाही बोलावलं, कारण पाठीवरचा भाग कुणाला स्वतः करता येत नाही. पडद्याआड काशिनाथने शर्ट काढला. डोळे मिटून त्याने डावा हात उजव्या छातीवर ठेवला. कातडी पातळ होती, लगेच खाली बरगडी. व्रण दोरासारखा उठला होता आणि एका टोकाशी चुण्या पडल्या होत्या. त्याचं बोट प्रत्येक चुणीवर थांबत होतं. हे काय? हा व्रणच, क्रिस्टीना म्हणायची. आणि हे? ही बरगडी, काका. संचिताचा हात पाठीवर होता, हलका, सरकवत नव्हता, नुसता ताणत आणि सोडत. ती पहिल्याच वेळेला बरोबर शिकली होती. तो अजून दाबायचा आणि सोडायचा, दाबायचा आणि सोडायचा.

रोज सकाळी तो हे करू लागला. रोज सकाळी बोट छातीवर पोचायच्या आधी तो डोळे मिटून घ्यायचा. हात पूर्वीसारखा झाला नाही, पण शर्टाची बाही चढू लागली. सूज आवरायला हातावर तो घट्ट मोजा घालायचा, कातडीच्या रंगाचा.

बातमी बंदरावर जायची तशी गेलीच. दीपेशने सांगितली की रांगेतल्या कुणी, कोण जाणे. फळीवर बसणारे काही दिवस त्याच्या छातीकडे बघून मग डोळ्यांकडे बघायचे. एकाने चेष्टा केलीही. काशिनाथने दोर मापत ती ऐकली, पण दोर बरोबर मापला.

गणपती होऊन गेले, दसरा झाला. एका दुपारी दुकानात कुणी नसताना बाबली आला. चाळिशीचा, स्वतःची होडी असलेला. त्याने दोर मागितला, दोराकडे पाहिलं नाही.

"शेट, एक विचारूचा होता. तुमका ता पयला कसा कळला?"

काशिनाथने हातातली कातर खाली ठेवली. बाबलीने रस्त्याकडे पाहिलं, जाळ्यांच्या गठ्ठ्यांमागे सरकला आणि गंजी वर केली. डाव्या बाजूला स्तनाचं टोक आत ओढलं गेलं होतं. शेजारची कातडी नारळाच्या करवंटीसारखी टणक दिसत होती.

आपल्यालाच कुणीतरी समोर आणून उभं केलंय असं काशिनाथला वाटलं.

"कधीपासून आसा?"

"गणपतीच्या आदीपासून."

"घरात सांगलंस?"

"काय सांगतलंय? बायलमाणसांचो आजार झालो म्हणान?" बाबलीने गंजी खाली केली. "माझो भाव होतो त्या दिवशी दवाखान्यात, पाय कापलेलो. तेणा ऐकल्यान तुमचा. म्हणान इलंय. शेट, मी मरतलंय काय?"

नाही म्हणणं सोपं होतं. "माका ठावक नाय रे. मी डॉक्टर नाय."

"तुमचो हात थरथरता."

"थरथरता. माका पण भिती वाटता." त्याने गल्ल्यावरची किल्ली घेतली. "चल. आदी तुझ्या बायलेक सांगूया. उद्या सकाळी गोव्याक जाव्या, मी येतंय."

"उद्या होडी..."

"उद्या नाय गेलंस तर तू जावचंस नाय. माका ठावक आसा."

बाबलीच्या बायकोने, हौसाबाईने, ऐकलं आणि मासे साफ करता करता ती तशीच बसून राहिली, विळीवर हात ठेवून. मग म्हणाली, मीपण येणार. दुसऱ्या दिवशी तिघं गेली. सुई घालून तपासणी झाली, आणि रिपोर्ट यायचा होता तोवर बाबली रोज दुपारी दुकानात येऊन बसायचा. दोघं फार बोलत नसत. काशिनाथ माल लावायचा, बाबली नको असलेल्या दोराला गाठी मारायचा आणि सोडवायचा.

रिपोर्टमध्ये तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, लगेच ऑपरेशन करू.

गोव्याला जायच्या आदल्या दिवशी बाबली आला तो फळीवर बसला नाही. उभाच राहिला.

"शेट, कसा दिसता ता एकदा बघूचा होता."

हे संचिताने पाहिलं होतं, डॉक्टरांनी, क्रिस्टीनाने. बाकी कुणी नाही. काशिनाथने शटर अर्धं खाली ओढलं. गठ्ठ्यांच्या मागे जाऊन त्याने शर्टाची बटणं काढली, सावकाश. मग शर्ट बाजूला केला.

बाबली वाकून बघत राहिला. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

"दुखता?"

"नाय. बधिर आसा. हात लावलो तर छातीक कळना नाय, बोटाक कळता."

"लावू?"

काशिनाथने मान डोलावली. बाबलीने दोराने घट्टे पडलेलं एक बोट पुढे केलं, ते व्रणाच्या अलीकडेच थांबलं. मग टेकलं.

"हळू," काशिनाथ म्हणाला. "दाबू नको. नुसता ठेव."